पुरःस्थ ग्रंथीची तपासणी

पुरःस्थ ग्रंथीची तपासणी (प्रचलित नाव : प्रोस्टेट तपासणी) म्हणजे पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीतील विकार वेळीच ओळखण्यासाठी, मुख्यतः वयाच्या पन्नाशीनंतर, केली जाणारी वैद्यकीय तपासणी होय. लघवीच्या तक्रारींची विचारपूस, गुदमार्गे बोटाने केलेली तपासणी आणि रक्तातील पीएसए या प्रथिनाचे मापन ही तिची प्रमुख अंगे आहेत. आवश्यकतेनुसार सोनोग्राफी, एमआरआय व बायोप्सी यांची जोड दिली जाते. या तपासणीमागे दोन वेगळे हेतू असतात. लघवीच्या त्रासाचे कारण शोधणे हा एक आणि कोणताही त्रास नसलेल्या पुरुषातील कर्करोग शोधणे हा दुसरा. पहिल्या हेतूच्या उपयुक्ततेबद्दल दुमत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र तीन दशकांहून अधिक काळ वैद्यकविश्वात वाद चालू आहे.

ग्रंथी व तिचे नाव

ही ग्रंथी मूत्राशयाच्या लगेच खाली व गुदाशयाच्या पुढे असते. तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा, तर तरुण वयातील वजन सुमारे २० ग्रॅम असते. मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग तिच्या मधून जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती स्रवते. तिचे इंग्रजी नाव 'पुढे उभा असलेला' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, आणि 'पुरःस्थ' हा संस्कृत शब्द त्याच अर्थाचा आहे. काही ठिकाणी तिला 'पौरुष ग्रंथी' असेही म्हटले जाते. हे नाव फारसे सोयीचे नाही. लघवीच्या साध्या तक्रारीचा संबंध त्यामुळे उगाचच पौरुषाशी जोडला जातो, आणि आधीच संकोचलेला रुग्ण अधिक संकोचतो.

वयानुसार होणारी वाढ

वाढत्या वयात संप्रेरकांच्या प्रभावाने ही ग्रंथी मोठी होते. या कर्करोगरहित वाढीच्या खुणा साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या पुरुषांत, तर ऐंशीच्या पुढे बहुतेकांत आढळतात. वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होत असल्याने मार्ग दबला जातो. लघवीची धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब होत राहते, एकाएकी घाई होते आणि रात्री अनेकदा उठावे लागते. या तक्रारींची तीव्रता मोजण्यासाठी सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत ० ते ३५ गुण असतात. ८ पासून मध्यम व २० पासून तीव्र त्रास समजला जातो.

'वय झाले की असे व्हायचेच' ही समजूत येथे सर्वांत जास्त नुकसान करते. वाढ वयपरत्वे होते हे खरे, पण तिचा त्रास सोसत राहण्याचे कारण नाही. टॅमसुलोसिनसारख्या औषधांनी मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू सैल पडून काही दिवसांतच आराम पडू शकतो. फिनास्टराइडसारखी औषधे काही महिन्यांत ग्रंथीचा आकार कमी करतात. औषधांनी भागले नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. उपचार न घेता दिवस ढकलणाऱ्या एखाद्या रुग्णाची लघवी अचानक पूर्णपणे तुंबते. कधी कधी सर्दीवरच्या एखाद्या औषधाचे निमित्तही त्याला पुरते. अशा वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. लघवी बराच काळ अर्धवट तुंबून राहिली तर मूत्रपिंडांना इजा होते, आणि ती वेदनेविना होत असल्याने लक्षातही येत नाही.

लक्षणे व कर्करोग यांचा संबंध

पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या, म्हणजे मूत्रमार्गापासून दूरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे प्रारंभीच्या अवस्थेत तो सहसा कोणतेही लक्षण दाखवत नाही. लघवीचा त्रास असलेल्या बहुसंख्य पुरुषांना कर्करोग नसतो. याउलट ज्यांना कर्करोग आहे अशांपैकी अनेकांना लघवीचा काहीच त्रास नसतो. सर्वसामान्य समज नेमका याच्या उलट आहे. त्यामुळे एकीकडे लघवीचा त्रास असलेला माणूस कर्करोगाच्या भीतीने डॉक्टरांकडे जाणे टाळतो, तर दुसरीकडे त्रास नसलेला निर्धास्त राहतो. रोग पसरतो तेव्हा तो प्रामुख्याने हाडांत जातो. कंबर वा पाठ सतत दुखणे हेच पहिले लक्षण असलेले रुग्ण आढळतात. मणक्यातील गाठीचा दाब मज्जारज्जूवर आल्यास पायांतील बळ जाऊ शकते. लघवीतून रक्त येणे, कारणाविना वजन घटणे किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेली व रात्रीही न थांबणारी पाठदुखी यांसाठी नियमित तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

पीएसए चाचणी

पीएसए, म्हणजेच प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन, हे ग्रंथीत तयार होणारे व वीर्य पातळ करणारे प्रथिन आहे. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. त्याचे मापन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात करतात. पूर्वीपासून ४ ही मर्यादा धरली जाते, परंतु ती निर्णायक रेषा नव्हे. कर्करोगाखेरीज ग्रंथीची वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली मूत्रनळी, आदल्या एक-दोन दिवसांतील वीर्यस्खलन किंवा सायकलिंगसारखा जोरदार व्यायाम यांनीही आकडा वाढतो. फिनास्टराइड घेणाऱ्याचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून चालू औषधांची माहिती डॉक्टरांना द्यावी लागते. वाढलेला पीएसए असलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो, आणि काही थोड्यांना आकडा ४ च्या खाली असूनही तो असतो. त्यामुळे एकदा वाढलेला आकडा आढळल्यास काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून मगच पुढचे पाऊल उचलणे इष्ट मानतात.

बोटाने केलेल्या तपासणीत ग्रंथीचा आकार, कठीणपणा व गाठी कळतात. ती एखाद्या मिनिटात आटोपते. तिची धास्ती मात्र तपासणी टाळण्याचे मोठे कारण असते. केवळ या तपासणीवर विसंबून कर्करोग शोधणे आता पुरेसे समजले जात नाही. पीएसए रक्तातून मोजला जात असल्याने, बोटाच्या तपासणीस तयार नसलेल्या पुरुषालाही पहिली चाचणी करून घेता येते.

मतभेद

पीएसए चाचणीला अमेरिकेत १९८६ मध्ये रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी व १९९४ मध्ये कर्करोग शोधण्यासाठी मान्यता मिळाली. लाखो निरोगी पुरुषांची चाचणी होऊ लागली आणि रोगनिदानाचे प्रमाण झपाट्याने वाढले. यांतील अनेक कर्करोग इतके मंदगती होते, की त्यांनी त्या माणसाला आयुष्यभर त्रास दिला नसता. तरीही शस्त्रक्रिया व किरणोपचार केले गेले, आणि लघवीवरील ताबा सुटणे, लैंगिक दुर्बलता यांसारखे परिणाम अनेकांच्या वाट्याला आले.

या चाचणीने मृत्यू खरोखर टळतात का, हे पाहण्यासाठी युरोपातील अनेक देशांत मोठा अभ्यास झाला. त्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष ५५ ते ६९ वयाच्या सुमारे १ लाख ६२ हजार पुरुषांविषयीचे होते. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असा लाभ दिसला नाही. तथापि तेथे तुलनेच्या गटातील अनेकांनी बाहेरून चाचणी करून घेतलेली होती, त्यामुळे त्या निष्कर्षाचे वजन कमी होते. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांविषयीच्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये सरसकट चाचणीविरुद्ध शिफारस केली. २०१८ मध्ये ती बदलून, ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी चर्चा करून स्वतः निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर ही चाचणी करू नये, अशी भूमिका घेतली.

दरम्यान उपचारपद्धतीही बदलली. ब्रिटनमधील एका अभ्यासात, पीएसएमुळे आढळलेला व ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार व केवळ देखरेख अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली. १५ वर्षांनंतर या रोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत सुमारे ३ टक्केच होते, मात्र रोग पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. आता कमी जोखमीच्या रुग्णांत ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय व बायोप्सी करीत राहून, रोग वाढू लागल्यासच उपचार करण्याची पद्धत रूढ होत आहे. बायोप्सीपूर्वी एमआरआय केल्याने अनेकांची बायोप्सी टळते. कर्करोग आढळला म्हणजे शस्त्रक्रिया आलीच, हे समीकरण त्यामुळे उरलेले नाही, आणि तपासणीविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेपही बराच सौम्य झाला आहे.

कोणी व केव्हा

अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण जोखीम असलेल्या पुरुषाने ५० व्या वर्षी डॉक्टरांशी या तपासणीविषयी बोलावे. वडिलांना किंवा भावाला ६५ वर्षांच्या आत हा कर्करोग झालेला असल्यास ४५ व्या वर्षी, तर असे एकाहून अधिक जवळचे नातेवाईक असल्यास ४० व्या वर्षी हा विषय काढावा. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत, तसेच बीआरसीए-२ या जनुकात बिघाड असलेल्यांत जोखीम अधिक असते. या जनुकाचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशीही असल्याने आई, बहीण वा मावशी यांच्या आजारपणाची माहिती डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे आहे. पुरुष रुग्ण ती सांगायला बहुधा विसरतात. चाचणी करून घेतल्यावर आकडा २.५ पेक्षा कमी आल्यास ती दोन वर्षांनी, अन्यथा दरवर्षी करावी, असे ही संस्था सुचवते. ज्यांचे उर्वरित आयुष्य दहा वर्षांहून कमी असण्याचा संभव आहे, त्यांना या चाचणीचा सहसा उपयोग होत नाही.

भारतातील स्थिती

भारतात शासनाच्या कर्करोग तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, पुरःस्थ ग्रंथीचा नाही. परिणामी ही तपासणी व्यक्तीच्या स्वतःच्या पुढाकारावर अवलंबून राहते. शहरांत दोन टोके दिसतात. काहींची पीएसए चाचणी खासगी प्रयोगशाळेच्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये कोणत्याही चर्चेविना उरकली जाते आणि हाती आलेल्या आकड्याने घर हादरते. काही जण मात्र मुलांकडे वा पत्नीकडेही लघवीचा विषय काढत नाहीत. ग्रामीण भागात मूत्ररोगतज्ज्ञ जवळ नसल्याने विलंबात भर पडते. तथापि लक्षणांची विचारपूस, लघवीची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते याचे मापन एवढे प्राथमिक काम तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा होऊ शकते. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते याची आठवडाभराची नोंद, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि असल्यास जुने पीएसए अहवाल सोबत नेल्यास पहिल्याच भेटीत डॉक्टरांना बराच अंदाज येतो.