शाळेची सहल : भिंतींपलीकडचा वर्ग

प्राथमिक शाळेची सहल हा केवळ मौजेचा दिवस नसून पुस्तकाबाहेरचा पाठ असतो. वसईच्या किल्ल्याचेच उदाहरण घेऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला जिंकला, हे वर्गात घोकावे लागते. तटबंदीची जाडी पावलांनी मोजणाऱ्या, छप्पर हरपलेल्या चर्चमध्ये उभे राहणाऱ्या बालकाच्या मनात ते आपोआप रुजते.

मात्र निघण्यापूर्वी वर्गात प्रश्न तयार व्हावेत व परतल्यावर चित्रे, टिपणे, चर्चा व्हावी. मुक्कामी शिबिरात अंथरूण घालणे, ताट धुणे, घरची आठवण सोसणे हेही शिक्षणच होय. पुरेसे शिक्षक, पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार पेटी व पाण्याजवळची सावधगिरी यांत तडजोड नसावी.

शेवटी एक प्रश्न. शुल्क भरता न आल्यामुळे आजाराचे निमित्त सांगून घरी राहिलेल्या मुलाचे काय? त्याला मागे ठेवणारी सहल इतरांना काय शिकवील? म्हणून ठिकाण जवळचे निवडावे, खर्च माफक ठेवावा आणि उरलेला भार पालक-शिक्षक संघाने व धर्मग्रामाने गाजावाजा न करता उचलावा.