न सोलतां जोडलेली तार

विजेच्या तारेचें दुखणें बहुधा तारेंत नसतें, सांध्यांत असतें. खांबावर चढून काम करणाऱ्या प्रत्येक माणसास ही गोष्ट ठाऊक असते. परंतु भिंतीवरील बटण दाबून दिवा लावणाऱ्या आपणां शहरवासीयांस तिचा विचार करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. आज मी ज्या लहानशा वस्तूविषयीं बोलणार आहें, ती ह्या सांध्याच्या दुखण्यावर काढलेलें एक औषध आहे. वस्तु म्हणाल तर मुठींत मावेल एवढा एक काळा चिमटा. वायरमन लोक त्यास 'पिअर्सिंग कनेक्टर' म्हणतात. मराठींत त्यास रुळलेलें नांव नाहीं, म्हणून मी आपला त्याला दांतेरी चिमटा म्हणतों. त्याचें वैशिष्ट्य एवढेंच कीं, दोन तारा जोडतांना त्यांवरील वेष्टण सोलावें लागत नाहीं.

एवढ्याशा सोयीसाठीं एक संपूर्ण भाषण कशाला, असें आपणांस वाटेल. तें कळण्यासाठीं आपणांस थोडा वेळ पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोकास, जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांत जावें लागेल. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड ह्या नद्यांचीं हीं खोरीं. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगें व डिंभें हीं धरणें झाल्यापासून येथील शेतीचें रूप पालटलें आणि बाजरीच्या मुलुखांत ऊंस, द्राक्षें, कांदा व टोमॅटो ह्यांचें राज्य सुरू झालें. पण पाणी आलें तें नदींत व कालव्यांत. तें वरच्या शेतांत चढवावयाचें तर पंप पाहिजे, पंपास वीज पाहिजे, आणि वीज न्यावयाची तर उंसाच्या फडांवरून मैलोगणती तारा ताणल्या पाहिजेत.

उंसाबरोबर ह्या खोऱ्यांत बिबट्याही स्थिरावला. उंच वाढलेला ऊंस त्यास जंगलासारखाच; लपावयास जागा, प्यावयास पाणी, आणि जवळच वस्तीवरचीं कुत्रीं व शेळ्या. माणिकडोह येथें पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं निवारा केंद्र चालवावें लागतें, ह्यावरून ह्या शेजाराची कल्पना येईल. शेतीपंपांची वीज पाळीपाळीनें मिळते. ज्या वाहिनीची पाळी रात्रीची, तेथील शेतकरी हातांत विजेरी घेऊन फडाच्या कडेनें मोटारीकडे जातो. अशा वेळीं वाटेंतला एखादा सांधा जळला तर मोटार थांबते, आणि त्याला अंधारांत पुन्हां उठून जावें लागतें. शहरांत सांधा बिघडला तर दिवा लुकलुकतो. येथें त्यासाठीं जिवावर उदार होऊन घराबाहेर पडावें लागतें.

मोटार नुसती थांबली तरी तें एक वेळ बरें. शेतावरची मोटार बहुधा तीन फेजांवर चालते, म्हणजे तीन तारांतून तिला वीज मिळते. तीनांपैकीं एका तारेचा सांधा निसटला तर चालती मोटार लगेच थांबेलच असें नाहीं. ती घुमूं लागते, कुरकुरत फिरत राहते, आणि तिघींचें ओझें दोघींवर पडल्यामुळें त्या तारांतील प्रवाह भलताच वाढतो. संरक्षक यंत्र नसलें किंवा तें कोणीं काढून ठेविलें असलें, तर आंतील वेटोळीं तापून जळतात. मग मोटार काढा, गाडींत घाला, नारायणगांवास किंवा मंचरास नेऊन भरून आणा. आणि तोंवर पीक वाळत राहतें.

सांधाच कां बिघडतो? दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही दाबले तरी ते सर्वत्र एकमेकांस टेकत नाहींत. नुकत्याच टांकलेल्या जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेविल्या तर त्या जशा कांहीं उंचवट्यांवरच टेकतील, तसेंच येथें होतें. सारा प्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांतून दाटीवाटीनें जातो. समजा, रोहित्रापासून निघालेल्या मुख्य तारेंतून १०० अँपिअर प्रवाह वाहत आहे आणि तिच्या एका सांध्याचा रोध एका ओहमचा केवळ शंभरावा भाग आहे. ही संख्या क्षुल्लक दिसते. परंतु तेवढ्यानें त्या जागीं १०० वॉट उष्णता निर्माण होते. एक मोठा दिवा बोटभर जागेंत कोंडल्यासारखेंच झालें. ह्या उष्णतेनें धातु प्रसरण पावतो, रात्रीं थंड होऊन आकुंचन पावतो, पकड सैल होते, रोध वाढतो, आणि रोध वाढला कीं उष्णता आणखी वाढते. एकदां हें चक्र सुरू झालें म्हणजे सांधा आपला आपणच जळत जातो.

त्यांत आपल्याकडील तारा अॅल्युमिनियमच्या. (जातां जातां एक गंमत सांगतों. पोलादी गाभ्यावर अॅल्युमिनियमचे पेड वळलेल्या ह्या उघड्या तारांच्या मापांना इंग्रजांनीं प्राण्यांचीं नांवें दिलीं, आणि तीं आजही चालू आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग अशीं तीं चढत्या क्रमानें आहेत. तेव्हां भांडाराच्या वहींत ससे-कुत्रे किलोमीटरनें मोजलेले दिसले तर चकित होऊं नये.) अॅल्युमिनियम हलकें व स्वस्त खरें, पण त्यास हवा लागतांच त्यावर अत्यंत पातळ असा थर चढतो, आणि तो थर विजेस अडवितो. तार कितीही घासून चकचकीत केली तरी क्षणांत तो पुन्हां येतो. शिवाय अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेस नुसती पिळून जोडली आणि मध्यें पावसाचें पाणी शिरलें, तर ती जोडी एका लहान विद्युत्-घटासारखी वागूं लागते व अॅल्युमिनियम झिजत जातें. दोन तारांना हातानें पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळण्याची जी रीति आपण सर्वत्र पाहतों, तिचें आयुष्य म्हणूनच फार नसतें. उन्हानें पट्टी सुटते आणि पावसानें उरलेलें काम होतें.

उघड्या तारांची आणखी एक खोड म्हणजे त्या वाऱ्यानें झुलतात. ताण सैल पडलेल्या दोन तारा एकमेकींवर आपटल्या म्हणजे ठिणग्या खालीं पडतात. आणि खालीं वाळलेल्या पाचटाचा ऊंस असला तर पुढें काय होतें हें ह्या भागांतील कोणासही सांगावें लागत नाहीं. शिवाय आकडा टाकून वीज चोरणारास उघडी तार सोयीची. ह्या सर्वांवर उपाय म्हणून वेष्टणाच्या तारा एकत्र वळलेली केबल खांबांवर टांगूं लागले. तीन फेजांच्या तीन काळ्या तारा, रस्त्यावरील दिव्यांची एक, आणि ह्या सर्वांचें ओझें सोसणारी मिश्रधातूची एक, असा तो दोरखंड असतो. उन्हानें वेष्टण तडकूं नये म्हणून त्यांत काजळी मिसळलेली असते; तो काळा रंग शोभेचा नव्हे. ह्या प्रकारच्या केबलीचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें मोठ्या प्रमाणावर झाला, आणि भारतीय मानक संस्थेनें १९९५ सालीं तिचें मानक प्रसिद्ध केलें.

परंतु येथेंच खरी अडचण उभी राहते. दर खांबावर कोणास तरी जोडणी द्यावयाची असते, येथें घरास तर तेथें पंपास. जोडणीसाठीं प्रत्येक वेळीं चाकूनें वेष्टण सोललें, तर ज्या आवरणासाठीं एवढा खर्च केला तेंच जागोजाग फाडल्यासारखें होतें. सोलतांना चाकू आंतील पेडांस लागतो. एखादा पेड अर्धा कापला जातो आणि पुढें वाऱ्याच्या हेलकाव्यानें तुटतो. उघड्या झालेल्या जागेंतून पाणी शिरतें, तें पेडांच्या फटींतून केबलीच्या आंत दूरवर सरकतें, आणि बाहेरून सर्व कांहीं ठीक दिसत असतां आंतल्या आंत अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होत राहते.

आतां आपला चिमटा पाहूं. त्याचें अंग कांचतंतु घालून बळकट केलेल्या प्लास्टिकचें असतें. त्याचे दोन जबडे असतात व त्यांत समांतर असे दोन खोबणीचे मार्ग, एक मुख्य तारेसाठीं व दुसरा फाट्याच्या तारेसाठीं. जबड्यांत कथिलाचा मुलामा दिलेल्या धातूच्या, करवतीसारखे दांत असलेल्या पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टीचे दांत दोन्ही मार्गांत डोकावतात. मुख्य तार एका मार्गांत घालावी, फाट्याची तार दुसऱ्यांत सरकवावी, तिच्या टोंकावर रबरी टोपी बसवावी, आणि मधला बोल्ट पान्यानें आवळावा. जबडे मिटूं लागतात तसे दांत वेष्टणांत रुततात, तें भेदून आंतील पेडांपर्यंत पोंचतात व त्यांच्या पृष्ठभागांत किंचित् घुसतात. ह्या घुसण्यांतच सारें मर्म आहे. दांत अॅल्युमिनियमवरील तो अडथळ्याचा थर फोडतो, आणि फोडल्यावर तेथें पुन्हां हवा पोंचत नाहीं. कारण दांतांभोंवतीं ग्रीस भरलेलें असतें व रबरी ओठ वेष्टणास घट्ट बिलगलेले असतात. कथिलाच्या मुलाम्यामुळें तांबें व अॅल्युमिनियम ह्यांचें वैरही पुष्कळ शमतें. युरोपीय मानकाप्रमाणें जलरोधक प्रकारचा चिमटा पाण्यांत बुडवून त्यावर ६,००० व्होल्टचा दाब एक मिनिट देतात. तेवढ्यांत तो फुटतां कामा नये.

मला स्वतःला ह्या वस्तूंत सर्वांत आवडलेला भाग म्हणजे तिच्या बोल्टाचें डोकें. तें मुद्दामच कमजोर केलेलें असतें. ठराविक जोरानें पीळ पडला कीं तें कट् असा आवाज करून तुटून हातांत येतें. जोर कमी पडला तर दांत वेष्टणांतच अडकतात व जोडणी होत नाहीं. जास्त पडला तर दांत पेड तोडतात. खांबाच्या टोंकावर, कमरेच्या पट्ट्यावर भार देऊन, पावसांत ओल्या हातांनीं काम करणाऱ्या माणसानें हा जोर अंदाजानें ठरवावा हें योग्य नव्हे, म्हणून तो निर्णय धातूकडेच सोंपविला आहे. पुढें कधीं चिमटा काढावा लागला तर तुटलेल्या डोक्याखालीं दुसरें डोकें असतें. मात्र एकदां काढलेला चिमटा पुन्हां वापरूं नये. दांत बोथटलेले, ग्रीस गेलेलें, आणि जोर मोजणारें डोकें तर पूर्वींच तुटलेलें असतें. काटकसरीच्या संवयीमुळें हा नियम आपल्याकडे जितका मोडला जातो तितका दुसरा कोणताच मोडला जात नसेल.

माप चुकणें हा दुसरा दोष. चिमट्यावर उदाहरणार्थ मुख्य तार १६ ते ९५ आणि फाट्याची तार ४ ते ३५ चौरस मिलिमीटर, असें छापलेलें असतें. मार्गापेक्षां बारीक तार घातली तर दांत तिच्यापर्यंत पोंचतच नाहींत. वीज चालू असतांनाही असा चिमटा बसवितां येतो, पण फाट्याच्या तारेवर त्या वेळीं कसलाही भार असतां कामा नये, आणि तें काम शिकलेल्या माणसाचेंच आहे. घरच्या मालकानें शिडी लावूं नये.

आतां ह्याच खोऱ्यांतील एका अगदीं निराळ्या गिऱ्हाइकाकडे वळूं. नारायणगांवापासून जवळच खोडद येथें जगांतील एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानें उभारलेल्या ह्या दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांपैकीं १४ खोडदजवळ दाटीनें, व उरलेल्या १६ तीन बाहूंवर सुमारें २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. आकाशांतून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी त्या टिपतात. डोंगरांच्या आडोशानें हा भाग शहरी गोंगाटापासून दूर राहिला, म्हणून तो निवडला. ह्याच परिसरांत आर्वी येथें १९७१ सालीं उपग्रहाशीं संपर्क ठेवणारें भूकेंद्र उभें राहिलें होतें.

श्रोतेहो, आपल्या रेडिओंत मधूनच जी खरखर येते, तिचा एक उगम सैल सांध्यांतील ठिणगी हा आहे. प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब सेकंदांत १०० वेळां शिखरास पोंचतो, आणि प्रत्येक शिखरावर सैल फटींतून ठिणगी उडूं शकते. अशी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें, बेताल प्रक्षेपण केंद्रच. तें कोणा एका लहरीवर बोलत नाहीं, एकदम सर्व लहरींवर ओरडतें. आपल्याला त्याचा त्रास होतो तो गाणें बिघडण्यापुरता. खोडदच्या थाळ्या मात्र ज्या आकाशगंगांचा आवाज ऐकतात, त्यांपुढें खांबावरची ठिणगी म्हणजे कानाशीं वाजविलेला ढोल. वीजवाहिन्यांचा हा उपद्रव तेथील शास्त्रज्ञांची जुनी डोकेदुखी आहे, आणि आलेल्या संकेतांतून असे तडाखे त्याच क्षणीं वेंचून टाकणारी संगणकीय गाळणी त्यांना तयार करावी लागली.

फडाच्या कडेनें विजेरी घेऊन जाणारा शेतकरी आणि पडद्यावरच्या रेषा न्याहाळणारा ज्योतिर्विद, दोघांनाही पाहिजे असतो तो एकच, न ठिणगणारा सांधा. पण चिमट्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो ४०० व्होल्टच्या आसपासच्या खालच्या दाबाच्या वेष्टित तारांसाठीं आहे. २०१८ सालीं हातीं घेतलेल्या योजनेंत महावितरणनें एकेका लहान रोहित्रावर एक-दोनच पंप ठेवून ह्या खालच्या दाबाच्या तारांची लांबीच कमी करण्याचें धोरण धरलें. तेथें चिमट्याचें काम कमी, आणि ११,००० व्होल्टच्या उघड्या वाहिनीचें काम जास्त. त्या वाहिनीवरील तडकलेलें चिनी मातीचें भांडें, सैल झालेली पकड, खांबाच्या लोखंडाशीं टेकलेली सुटी तार, ह्यांतून उडणाऱ्या ठिणग्यांवर आपल्या दांतेरी चिमट्याचा कांहीं उपयोग नाहीं. त्या शोधावयाच्या तर अजूनही हातांत संग्राहक घेऊन, कान देत, एकेका खांबाखालून फिरावें लागतें.