दोन बासऱ्या, तिसरा स्वर

जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिट यांनी १९२३ साली दोन बासऱ्यांसाठी एक छोटी रचना केली. रचना विसाव्या शतकातली, पण वळण सतराव्या-अठराव्या शतकांतील बरोक संगीताचे. एक बासरी सुरावट सुरू करते. दुसरी तीच सुरावट घेऊन तिच्या मागोमाग येते. बरोक काळात साथीला बहुधा खर्जाचे वाद्य असे. टेलेमान यांनी मात्र खर्जाविना दोन बासऱ्यांसाठीही लिहिले. हिंडेमिट यांच्या रचनेतही खर्ज नाही.

तरीही अशा दोन बासऱ्या उंच स्वरांत जोराने वाजू लागल्या, की कधीकधी खाली घुमणारा तिसराच स्वर ऐकू येतो. तो कोण वाजवतो?

इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी यांनी १७५४ च्या आपल्या ग्रंथात या स्वराची चर्चा केली. त्यामागचे गणित वजाबाकीचे आहे. समजा, एका बासरीची वारंवारता ८०० हर्ट्झ आणि दुसरीची १००० हर्ट्झ आहे. फरक २०० हर्ट्झ. ८०० ला सा मानला, तर १००० हा शुद्ध गंधार आणि २०० हा दोन सप्तके खालचा सा. पाश्चात्त्य बासरीचा सर्वांत खालचा स्वर साधारण २६० हर्ट्झचा; म्हणजे हा स्वर तिच्यातून निघूच शकत नाही.

तो निर्माण होतो आपल्या कानात. हवेत दोन्ही लहरींची फक्त बेरीज होते. अंतर्कर्णातील केशपेशी मात्र आवाज नुसता टिपत नाहीत, तो वाढवतातही. ही वाढ सरळ प्रमाणात नसते. त्यामुळे मूळ दोन स्वरांतून नवे स्वर तयार होतात. बासरीच्या स्वरात उपस्वर कमी असल्याने ते झाकले जात नाहीत.

वर्गात दोन विद्यार्थ्यांना लहान बासऱ्यांवर जवळजवळचे उंच स्वर काही सेकंद वाजवू द्या. एकाने थांबताच घुमणारा स्वर नाहीसा होतो का, ते मुलांना सांगू द्या. बासऱ्या कोणाच्या कानाशी नेऊ नयेत.

हिंडेमिट यांनी १९३७ च्या ग्रंथात स्वरजोडीतला प्रमुख स्वर ठरवण्यासाठी याच स्वरांचा आधार घेतला. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवले, की कानातून बाहेर येणारा आवाज मोजता येतो. आज झोपलेल्या नवजात बाळाच्या कानात दोन स्वर सोडून असा नवा स्वर परत येतो का, हे सूक्ष्म ध्वनिग्राहकाने पाहता येते. आला, तर केशपेशी काम करीत आहेत. नाही आला, तर बाळ बहिरे आहे असे लगेच ठरत नाही. पुढची तपासणी मात्र वेळेवर करता येते.