क्रूझची केबिन : बोली लावण्यापूर्वी हिशेब हवा

क्रूझच्या जाहिरातीतील दर बहुधा एका केबिनमध्ये दोघे राहणार, असे गृहीत धरून माणशी दिलेला असतो. त्यामुळे एकट्या प्रवाशाला अनेकदा जवळपास दुप्पट भाडे मोजावे लागते.

खिडकी नसलेली 'इनसाइड', समुद्र दिसणारी 'ओशनव्ह्यू', 'बाल्कनी' आणि 'स्वीट' अशी केबिनची चढती प्रतवारी असते. क्रमांक स्वतः निवडल्यास भाडे सहसा थोडे अधिक पडते. 'गॅरंटी' दरात हमी मिळते ती प्रतवारीची, जागेची नव्हे. क्रमांक कंपनी आपल्या सोयीने, कधी प्रवासाच्या तोंडावर देते. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात. त्यामुळे बोट लागणाऱ्यांनी, तसेच शेजारच्या केबिन हव्या असणाऱ्या कुटुंबांनी ही बचत टाळावी.

रॉयल कॅरिबियनच्या 'रॉयलअप'सारख्या योजनांत वरच्या प्रतीच्या केबिनसाठी बोली लावता येते. ही रक्कम मूळ भाड्याव्यतिरिक्त असते आणि दोघांसाठी आकारली जाते. म्हणजे १०० डॉलरच्या बोलीला २०० डॉलर. केबिनमध्ये एकटाच प्रवासी असला तरी २००च. मान्य होईपर्यंत बोली बदलता किंवा रद्द करता येते. एकदा मान्य झाली, की पैसे परत मिळत नाहीत, पसंतीची जुनी केबिन जाते आणि नवा क्रमांक कंपनीच ठरवते.

म्हणूनच बोलीआधी त्या प्रतवारीचा चालू दर पाहावा. भाड्यातील फरक बोलीइतकाच असेल, तर सरळ पैसे भरून हवी ती केबिन घेणेच श्रेयस्कर.