घरीं भरलेल्या तबकड्या

ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणांत पंधरावीस वर्षांपूर्वींच्या डीव्हीडी तबकड्या अजून जपून ठेवलेल्या असतात. कोणावर ‘मुंज’ तर कोणावर ‘विवाह’ अशीं अक्षरें हातानें लिहिलेलीं असतात. सणावारीं मंडळी जमावी, एखादी तबकडी यंत्रांत घालावी आणि पडद्यावर कांहींच उमटूं नये, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. अशा वेळीं तबकडी नासली असें ठरवून ती टाकून देण्याची घाई करूं नये.

आमच्या वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन २००६ सालीं डोंबिवलीच्या घरीं झालें. त्याचें चित्रण पुतण्यानें संगणकावर जुळवून दोन तबकड्यांत भरलें होतें. वडील आतां नाहींत. गेल्या वर्षीं त्या तबकड्या काढल्या, तों पहिली प्लेअरनें मुळींच ओळखली नाहीं. तीच संगणकांत घालतांच वडील बोलूं लागले! वहिनी स्वयंपाकघरांतून हात पुशीत बाहेर आल्या.

उलगडा साधा होता. जुन्या प्लेअरला ठराविक शिस्तीनें लिहिलेलीच तबकडी समजते. चित्र एमपेग-२ पद्धतीचें हवें, आणि तें ‘व्हिडिओ टीएस’ नांवाच्या फोल्डरमध्यें हवें. पुतण्यानें संगणकांतील फाइल जशीच्या तशी उतरविली होती. मोडी न येणाऱ्यापुढें मोडी दप्तर ठेवावें, तसें हें झालें. यास्तव पहिली परीक्षा संगणकावरच करावी. नव्या लॅपटॉपला तबकडीचें खण नसतें, परंतु यूएसबीनें जोडण्याचा ड्राइव्ह मिळतो.

रेकॉर्डरवर थेट भरलेल्या तबकडीचें दुखणें निराळें. भरणें संपल्यावर ती ‘फायनलाइझ’ करावी लागे. तें केल्यावांचून इतर यंत्रांस उपयोगी पडेल अशी अनुक्रमणी तिच्यावर पुरी होत नसे. लगीनघाईंत हें राहून गेलेलें असतें, आणि मग भरलेली तबकडीही कोरी भासते. अशा वेळीं ज्या यंत्रावर ती भरली तें माळ्यावर आहे काय, हें प्रथम पाहावें.

यंत्राच्या दृष्टीचाही प्रश्न असतो. कारखान्यांत छापलेली एकपदरी तबकडी निदान ४५ टक्के प्रकाश परत पाठविते. पुन्हां पुन्हां लिहितां येणारी अवघा १८ ते ३० टक्के. जुना प्लेअर येथें चांचपडतो, नवा वाचून जातो.

आमची दुसरी तबकडी घरीं नीट चालली. तिची प्रत न्यू जर्सीस मुलीकडे पाठविली, ती मात्र तेथें चालेना. ‘रीजन कोड’ आड येत असेल, असें जांवईबापूंनीं फोनवर सांगितलें. घरीं भरलेल्या तबकडीस असलें कुलूप सहसा नसतेंच. आपल्याकडील पाल पद्धतींत सेकंदास २५ चित्रें व प्रत्येकांत ५७६ ओळी. अमेरिकेंतील एनटीएससींत सुमारें ३० चित्रें व ४८० ओळी. आपले बहुतेक प्लेअर दोन्ही चालवितात, तिकडचे पुष्कळसे एकच. शेवटीं मुलीनें ती संगणकावर पाहिली.

तबकडी पुसावयाची झाल्यास मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे; लेखनाच्या दिशेनें गेलेला ओरखडा अधिक बाधतो. कागदी लेबल चिकटविलें असेल तर ओढून काढूं नये. लेखनाचा थर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड अशा दोन चकत्यांमध्यें असतो, त्यामुळें २६ जुलै २००५ च्या पुरासारख्या पाण्यांत भिजलेली तबकडीही स्वच्छ पाण्यानें धुऊन पाहण्यास हरकत नाहीं.

खरा शत्रु काळ. त्या थरांतील रंगद्रव्य ऊन्ह व दमट हवा यांनीं क्षीण होतें. म्हणून तबकडी वाचली जात आहे तोंवरच संगणकावर तिची प्रत घ्यावी, आणि एक ड्राइव्ह अडला तर दुसरा लावून पाहावा. लेखन मध्याकडून कडेकडे जातें, आणि पुष्कळदां कड आधीं बिघडते. म्हणजे समारंभाचा शेवट आधीं जातो. आमच्या दुसऱ्या तबकडीचीं अखेरचीं नऊ मिनिटें प्रत घेतांना अडलीं. त्यांतच वडिलांचे आशीर्वाद होते. शेजाऱ्यांच्या जुन्या संगणकानें त्यांतील चार मिनिटें सोडविलीं. उरलेल्या पांचांसाठीं पुतण्या पुढच्या रविवारीं ठाण्याहून आणखी एक ड्राइव्ह आणणार आहे.