सातातला एक वाटा

सोनगीर म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, तांब्या-पितळेची भांडी आठवतात. मला आठवतं ते वडिलांचं दोन एकराचं शेत. वडील गेले, मागोमाग आई गेली. आम्ही दोन भाऊ, तीन बहिणी. शेती कुणीच करत नाही, तेव्हा प्लॉट पाडावेत असं ठरलं. मी कवी माणूस. यमकं जुळवत आलो, कागद जुळवायला पन्नाशीत शिकलो.

आधी वारस नोंद. आमच्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे एकूण सात. मग मोजणी, रेखांकन, बिनशेतीचा कर, रस्ते, गटारी. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत जमीन असेल आणि प्रादेशिक योजनेत तिथं राहण्याला वाव असेल, तर 2017 च्या दुरुस्तीपासून वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. कर मात्र भरावा लागतो, रेखांकनही मंजूर करून घ्यावं लागतं. एकही प्लॉट विकण्याआधीचा हा सगळा खर्च!

वाटलं, जमीन तारण ठेवू. पण थकलेल्या कर्जासाठी बँक ज्या 2002 च्या सरफेसी कायद्यानं तारण ताब्यात घेते, त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून पिकासाठी कर्ज मिळतं, प्लॉट पाडण्यासाठी बँक हात आखडते. बिनशेती झाल्यावर या, म्हणते. आणि बिनशेती करायलाच तर पैसा हवा!

लोक सुचवतात, ओळखीपाळखीत बुकिंग घ्या. तो रस्ता 2016 च्या रेरा कायद्यानं बंद केला आहे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री काहीच चालत नाही.

राहिला विकासक. सगळा खर्च मी करतो, निम्मे प्लॉट माझे, असं एकानं सांगितलं. धाकटा भाऊ खूश झाला. पण सोबत आलेलं कुलमुखत्यारपत्र मी दोनदा वाचलं. त्यात विक्रीचा अधिकारही होता, मंजुरीला मुदत मात्र नव्हती. असा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. मुदत, खर्चाची मर्यादा आणि मंजुरी न मिळाल्यास करार रद्द, एवढं तरी त्यात हवंच.

मग मीच म्हणालो, आपण दोघे भाऊ खर्च करू, बहिणींनी हक्कसोड द्यावी. आमच्याकडे हे सर्रास चालतं, त्यामुळे बोलताना मला काही वावगंही वाटलं नाही. आपा शांतपणे म्हणाली, "भाई, वाटा सातातला एक, तर खर्चही सातातला एक. तो आम्ही देऊ. सही कशाला मागतोस?"

मी खाली मान घातली. हिशेब सोपा होता: खर्च सात लाख आला, तर भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. धाकटीकडे आज पैसे नाहीत. तिच्या वाट्याचे मी भरायचे आणि पहिल्या प्लॉटच्या विक्रीतून वळते करून घ्यायचे, असं स्टॅम्पपेपरवर लिहिलं. तिचा जमिनीतला हिस्सा त्यानं कमी होणार नाही, ही ओळ आपानं घालायला लावली.

गेल्या आठवड्यात मोजणीची फी भरली. तारीख अजून यायची आहे.