दिल्ली दोन दिवसांत ‘होत’ नाही

‘लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला, इंडिया गेट बसमधूनच झालं.’ दिल्लीहून परतलेली आपली मंडळी असा हिशोब देतात. पोळ्या झाल्या, कुकर झाला, आता ओटा पुसला की सुटलो, तशा सुरात. याचं मूळ एका जुन्या समजात आहे. वैष्णोदेवीला, सिमल्याला नाहीतर हरिद्वारला जाताना दिल्लीत उतरावंच लागतं, मग तिथले दोन दिवस पुरे.

पुरत नाहीत, कारण दिल्ली हे एक शहर नाही. मेहरौली, सिरी, तुघलकाबाद, फिरोजशाह कोटला, पुराना किल्ला, शाहजहानाबाद अशा निरनिराळ्या राजवटींच्या राजधान्या इथे एकमेकींपासून लांब लांब उभ्या आहेत आणि इंग्रजांची नवी दिल्ली त्यांच्या मधोमध. लाल किल्ला ते कुतुबमिनार हे अंतर रस्त्याने वीसएक किलोमीटर. सकाळी एक आणि दुपारी दुसरा असं ठरवलं, तर पाहून होतात ते मुख्यतः उड्डाणपूल. एका दिवसात एकच बाजू धरावी आणि एकूण चार दिवस द्यावेत. ‘फिरायला गाडी हवीच’ हाही असाच समज. लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार, अक्षरधाम या सगळ्या नावांची मेट्रो स्थानकं आहेत. उलट चांदणी चौकात गाडीच अडचण होते. लाल किल्ल्यापासून फत्तेपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे. तिथे पायी चालायचं, नाहीतर सायकल-रिक्षा.

पण सहलीचा सगळ्यात मोठा घात करतो तो वार. आमचाच केला. आत्या आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. सोमवारी सकाळी लाल किल्ल्यासमोर बस थांबली. आत सोडेनात. ‘आज बाहेरून दर्शन,’ असं गाईडने इतक्या सहज सांगितलं की तो कार्यक्रमाचाच भाग वाटावा. आत्याने लोखंडी अडथळ्यापलीकडच्या तटबंदीकडे पाहून, नकळत असेल, हात जोडले. लाल किल्ला दर सोमवारी बंद असतो. अक्षरधाम, लोटस टेंपल आणि नॅशनल म्युझियमही सोमवारीच बंद. ताजमहाल शुक्रवारी बंद, आणि हजरत निजामुद्दीनहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्स्प्रेसही शुक्रवारी धावत नाही. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला बरेच दिवस बंद राहतो, तर जानेवारीत संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते अडतात. छापील कार्यक्रमपत्रिकेत वार लिहिलेला नसेल, तर पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

हंगामाचंही तसंच. ‘दिल्लीला हिवाळ्यात जावं’ हे अर्धंच खरं आहे. आपल्या शाळांची दिवाळीची सुट्टी नेमकी दिल्लीच्या धुरकट हवेच्या दिवसांत येते. नाताळच्या सुट्टीत दाट धुकं असतं, गाड्या तासन्‌तास उशिरा येतात आणि विमानं रखडतात. मे महिन्याबद्दल काय बोलावं? पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लाल दगडाची फरशी तव्यासारखी तापते. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे दिवस सर्वांत चांगले. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही साधारण तेव्हाच लोकांसाठी खुलं होतं. मुलांच्या परीक्षा जवळ असतात हे खरं, पण आजी-आजोबांना कसली परीक्षा?

आणखी एक किरकोळ दिसणारी पण महागात पडणारी गोष्ट म्हणजे स्टेशन. मुंबई सेंट्रलची तेजस राजधानी नवी दिल्लीला जाते. ऑगस्ट क्रांती, सीएसएमटीहून सुटणारी राजधानी, गोवा एक्स्प्रेस आणि पुण्याची दुरांतो हजरत निजामुद्दीनला. पुरानी दिल्ली हे तिसरंच स्टेशन. पुढची गाडी कुठून सुटते हे तिकिटावर पाहिल्याशिवाय हॉटेल ठरवू नये. आणि स्टेशनाबाहेर कुणी ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’ असं कळकळीने सांगू लागला, तर हॉटेललाच फोन करावा.

आता दगडविटांविषयीचे समज. गेटवे आणि इंडिया गेट यांची गल्लत आपल्याकडे होतेच, शिवाय इंडिया गेट हे स्वातंत्र्यसैनिकांचं स्मारक आहे असंही पुष्कळांना वाटतं. ते १९३१मध्ये खुलं झालं ते पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात मेलेल्या ब्रिटिश हिंदी लष्करातल्या सैनिकांसाठी. भिंतीवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. स्वतंत्र भारताच्या शहीद जवानांचं राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९मध्ये त्याच्या शेजारी झालं आणि २०२२मध्ये अमर जवान ज्योतही तिथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. हुमायूनच्या कबरीला ‘छोटा ताजमहाल’ म्हणणाऱ्यांनी तर सालं उलटी वाचली आहेत. ही कबर ताजच्या सुमारे साठ वर्षं आधीची.

कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ अष्टधातूचा आहे, म्हणून गंजत नाही, असं अजून सांगितलं जातं. तो घडीव लोखंडाचाच आहे, सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर धरला आणि गंज पुढे सरकला नाही. पूर्वी लोक स्तंभाला पाठ लावून मागच्या मागे हात जुळवायचे. जुळले तर नशीबवान. त्या घासण्याने आणि घामाने खालचा भाग झिजू लागला, म्हणून आता कठडा आहे. ‘आम्ही मिनारवर चढलो होतो’ असं सांगणारे काका मात्र थापा मारत नाहीत. डिसेंबर १९८१मध्ये आतल्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन पंचेचाळीस माणसं दगावली, त्यात बरीच शाळकरी मुलं होती. तेव्हापासून जिना बंद आहे.

आपल्याला सर्वांत जास्त टोचणारा समज लाल किल्ल्यातला. ‘दिवाण-ए-खासची सगळी लूट नादिरशहाने नाहीतर इंग्रजांनी केली.’ मयूर सिंहासन १७३९मध्ये नादिरशहानेच नेलं. पण त्या दालनाच्या छताची चांदी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने उतरवली आणि तिची नाणी पाडली. पानिपताच्या तोंडावर खजिना रिता होता, फौजेचे पगार थकले होते. तुम्ही त्या छताखाली उभे राहाल तेव्हा गाईड हे सांगेलच असं नाही. मराठी पर्यटकांसमोर तर नक्कीच नाही.

इंग्रजांनी दिल्ली मोगलांकडून जिंकली, हेही तितकंसं खरं नाही. बादशहा गादीवर होता, पण दिल्ली शिंद्यांच्या हाती होती. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्यानंतर इंग्रज शहरात शिरले. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडातल्या एका गोल्फ मैदानात उभा आहे. तालकटोऱ्याचं नावही आपल्याला अलीकडे, २०२५च्या साहित्य संमेलनामुळे ओळखीचं झालं. १७३७मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले ते याच परिसरात.

तिकिटं आधीच काढून झाली असतील आणि पहिला दिवस सोमवार येत असेल, तर हळहळू नका. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि लोधी गार्डन सोमवारीही उघडी असतात. सकाळी मेहरौलीपासून सुरुवात करा आणि लाल किल्ला मंगळवारवर टाका.